दारामागची कुजबुज

माझ्या धाकट्या जावेचा धड असा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नातला होता, तो कोठीतल्या उंदरांनी खाल्ला. मतदानाच्या कार्डावर एक आहे, पण त्यातली बाई तीच आहे हे बाजूला नाव छापलंय म्हणून मानायचं, नाहीतर ती कोणीही असू शकते. ती गेली तेव्हा तिची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. त्या मुलीला मी वाढवलं. मला ती मोठीमाय म्हणते. चेहऱ्याचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. आरशात बघ, तुझी माय दिसेल, असं सगळेच सांगायचे. पण आवाज काही आरशात दिसत नाही. माय बोलायची कशी, हे ती लहानपणापासून विचारत आली. मी सांगायची, हळू बोलायची. ती म्हणायची, हळू म्हणजे कसं? आता हळू म्हणजे कसं हे माणसानं सांगावं तरी कसं?

पण तो आवाज एका ठिकाणी होता. मला पक्कं माहीत होतं, कारण तो टेपात गेला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेली होते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पांढरकवड्याच्या बाजूची, केळापूर तालुक्यातली आमची गावं तेव्हा एकाएकी सगळ्या जगाला ठाऊक झाली. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या होत्या. कॅमेरेवाले यायचे, पुढारी यायचे, संस्थावाले यायचे, एकदा तर दोन गोरी माणसं येऊन आमच्या हापशीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली, कायला ते अजून कोणाला कळलं नाही. आलेला माणूस आधी एकच विचारायचा, घरात कोणी गेलं का. नाही म्हटलं की वही मिटायची आणि पुढचं घर. आमच्या समोरची म्हातारी एकदा चिडून म्हणाली, "आमच्या घरी सारे जिते हायेत म्हणून चहा प्यालेबी थांबत नाहीत मेले." आम्ही बाया पोट धरून हसलो होतो. आता लिहिताना हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं, ते कशाला लपवू.

त्यातला एक मात्र निराळं विचारायला आला. विद्यापीठात शिकवणारे सर, चष्मेवाले, चपला दाराबाहेर काढून येणारे. त्यांना मेलेली माणसं नको होती, वेचणाऱ्या बाया हव्या होत्या. त्यातही तरुण, लेकुरवाळ्या. गावानं माझ्या जावेसाठी आमचं घर दाखवलं. तिच्यासारखी वेचणारी आमच्या भागात नव्हती. दोन्ही हातांनी वेचायची, आणि कमरेची ओटी भरून आली तरी चालताना वाकडी व्हायची नाही.

पण तिला बोलतं करायचं म्हणजे मोठंच काम. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर तर असतोच, पण आवाजसुद्धा त्याच्या कानी पडू द्यायचा नाही. भासरा म्हणजे माझा मालक. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं त्यांच्या देखत कधी हूं की चूं केलं नव्हतं. ते अंगणात आले की चुलीपुढचं तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. त्यांना काही सांगायचं असलं, मीठ संपलं, गाय आजारी आहे, पोरगी तापलीय, तर ती मला सांगणार आणि मी त्यांना. यात आम्हा कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. घर असंच चालायचं.

आणि घरात परका पुरुष बसलाय म्हटल्यावर मालक उठणार कसे? खाटेवर बसले ते बसलेच. सरांनी नरमाईनं म्हणून पाहिलं की दादा, तुम्हाला काही काम असेल तर खुशाल जा. मालक म्हणाले, "मले काई काम नाई. बसा तुमी निवांत."

मग आमच्या घरी रोज चालायचं तेच टेपापुढं झालं. ती आतल्या खोलीत दाराआड बसली, मांडीवर पोरगी. मी उंबऱ्यावर, तिच्या तोंडाशी कान लावून. सर विचारणार, ती माझ्या कानात सांगणार, मी मोठ्यानं बोलणार. टेप माझ्या गुडघ्याजवळ, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. वेचताना बोंडाच्या काट्यांनी बोटं कशी फाटतात ते तिनं सांगितलं. वेचणी सुरू करायच्या आधी वावरात दही शिंपडून पूजा करतो तेही सांगितलं. पोरीला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत झोपवते आणि तिच्या पायाला लुगड्याचा काठ बांधून दुसरं टोक आपल्या कमरेला बांधते, म्हणजे रांगत कुठं गेली तर ओढ लागते, हेही सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, तुमची इच्छा काय? मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं मागेल. ती माझ्या कानात म्हणाली, एक दिवस वेचणीला न जाता नुसतं झोपून राहावं वाटते. मी ते मोठ्यानं बोलले. मालक खाटेवरून खाकरले.

नंतर मालक सरांची जीप बघायला बाहेर गेले तेव्हा सरांनी टेप आत आणून आम्हाला ऐकवला. आधी तिची कुजबुज, मग माझं बोलणं. पुन्हा कुजबुज, पुन्हा मी. माझ्या आवाजापुढं तिचा अगदी मुंगीएवढा, पण शब्द न् शब्द कळत होता. आपला आवाज त्या डब्यातून येतोय हे ऐकून तिनं पदर तोंडात कोंबला आणि हसता हसता पोरीला मांडीवरून पाडलंच असतं.

पुढच्याच हंगामात ती वेचणीत गेली. पऱ्हाटीच्या बुडाशी साप होता. यवतमाळला नेता नेता वाटेतच संपली. तिच्या ओटीतला कापूस त्या दिवशीच्या वजनात धरला गेला, एवढं मला आठवतं. कापूस कोणी टाकून देत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याही दारात गाडी आली. कशानं गेली, कर्ज होतं का, विचारलं. सापानं म्हटल्यावर त्यांनी गाडी वळवली.

माझ्या दिरानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि यवतमाळला गेला, तिथल्या लोहारा भागातल्या कारखान्यात लागला. पोरीला नंतर नेतो म्हणाला. मी तरी कुठं देणार होते.

पोरगी शिकली. मी शाळेत गेलेली बाई नाही, पण तिच्याच पुस्तकांवरून तिच्या मागं मागं अक्षरं जुळवत गेले, म्हणून आज हे चार शब्द खरडते आहे. तालुक्याच्या कॉलेजात ती बी.ए.ला गेली. तिथल्या ग्रंथालयाच्या दारावर ग्रंथपाल सर दर महिन्याला एक कागद चिकटवायचे: विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ऑनलाइन काय काय नवं सुरू केलं. कुठली मासिकं आली, कुठले जुने प्रबंध संगणकावर वाचता येतील, घरबसल्या पुस्तक कसं मागवायचं. पोरं त्या कागदावर पेन चालतं का ते घासून बघायची. आमच्या पोरीनं तो वाचला. एका महिन्याच्या कागदावर होतं की संशोधकांनी पूर्वी गावोगावी घेतलेली ध्वनिमुद्रणं आता ऑनलाइन ठेवली आहेत. तिनं तिथल्या संगणकावर आमच्या गावाचं नाव टाकलं. एकच ओळ आली. कापूस वेचणारी विवाहित महिला, आमचं गाव, तालुका केळापूर. नाव नाही. पुढं एक बारकं कुलूप.

ती घरी आली ती सायकल अंगणात आडवी टाकूनच. मी सांगितलं, हो, तीच. आणि तेव्हाच सगळं सांगितलं, दाराआड कोण होतं, मोठ्यानं कोण बोललं, कुजबुज कोणाची. तिला फसवायचं नव्हतं मला. ती म्हणाली, "कुजबुज तर कुजबुज. मले तेवढीच पाह्यजे."

कुलूप काही उघडेना. ग्रंथपाल सर म्हणाले, हे एम.ए.च्या आणि संशोधन करणाऱ्या सदस्यांसाठी आहे, बी.ए.वाल्यांना नाही. ती म्हणाली, सर, माझी माय आहे त्याच्यात. सर म्हणाले, असेल, पण सदस्यत्व कुठंय? हे भर ग्रंथालयात झालं, पोरं बसलेली. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकातून आत आली की कोणीतरी हटकून विचारायचं, "काय वं, माय डाउनलोड झाली का?" मुलीसुद्धा विचारायच्या. ती मला हे हसत हसत सांगायची, पण सायकल मागच्या फाटकानं न्यायला लागली होती.

मी तिला घेऊन विद्यापीठात गेले. खिडकीतल्या माणसानं ऐकून घेतलं, आणि अगदी गोड बोलून सांगितलं की ही अभ्यासाची सामग्री आहे, नातेवाईकांसाठी तरतूद नाही. मी म्हटलं, भाऊ, तुमी पोरीच्या कानाले लावा, तिले काई घरी न्यायचं नाई. तो म्हणाला, काकू, आज तुम्हाला लावलं तर उद्या सगळं गाव येईल. मी म्हटलं, कोणी येत नाई, बाकीच्यांच्या माया घरी हायेत. तो हसला, चहा घेता का म्हणाला. अर्ज घेतला. त्याचं उत्तर फोनवर आलं, तरतूद नाही. आम्ही निघताना मात्र त्या खिडकीतल्या माणसानं एक वाट दाखवली होती, मुलीला एम.ए.ला घाला, आपोआप सदस्य होईल.

आता खरी गोष्ट अशी की पुसदला नर्सिंगला तिला जागा मिळत होती. मालकांनी चौकशी केली होती, राहायची सोय पाहिली होती. ती जागा तिनं सोडली. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, एका कुजबुजीसाठी जन्माची भाकर सोडतं का कोणी? ती म्हणाली, "तुले काय होते मोठीमाय, तू रोज ऐकली हायेस तिले." आणि एम.ए.ला जायचं तरी पदवी हाती पडायची वाट पाहावी लागली. निकाल लागायला उशीर, प्रवेशाला उशीर, मग सदस्यत्वाच्या कार्डाला उशीर. एवढा सगळा काळ ते ध्वनिमुद्रण होतं तसं तिथंच पडलं होतं. कुजबुजीसकट.

कार्ड मिळालं तसे ग्रंथालयाचे निरोप तिच्या मोबाइलवर यायला लागले. नवी सेवा सुरू झाली, अमुक मासिक आता मिळेल, तमुक दिवशी सर्व्हर बंद राहील. त्यात पहिल्याच दिवशी एक आला की जुनी ध्वनिमुद्रणं सुधारणेसाठी काही काळ बंद आहेत. तिनं नख चावत तोही काळ काढला. मग एके दिवशी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते तर ही मोबाइल नाचवत आली. "मोठीमाय, साऱ्यांचे आवाज साफ केले म्हणते. आता मायचं सारं साफ ऐकू येईन." मी देवापुढं साखर ठेवली आणि समोरच्या म्हातारीलाही नेऊन दिली. म्हातारी म्हणाली, मेलेल्या बाईच्या बोलण्याची साखर मी पहिल्यांदाच खाऊन राह्यली.

तो आवाज मोबाइलवर लागत नव्हता, विद्यापीठाच्या ग्रंथालयातच ऐकायचा, असा नियम होता. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी गेलो. तिनं नवा ड्रेस घातला होता. मला ते बघवेना. माणूस कोणाला भेटायला निघालं की कसं दिसतं, तशी दिसत होती.

तिथं खिडकीतला माणूस नव्हता, एक मॅडम होत्या. स्वभावानं चांगल्या. आम्ही खेड्यावरून आलो म्हणून पाणी दिलं, मला खुर्ची दिली. संगणकासमोर मुलीला बसवून कानाला लावायचं यंत्र दिलं. एकच होतं. मुलीनं ते लावलं. मी शेजारी, मला काही ऐकू येत नव्हतं, मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होते.

सुरुवातीला ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बारीक झाले, लांबचं काही वाचताना होतात तसे. मग तिनं आवाज वाढवायचं बटण दाबलं. आणखी दाबलं. आणि एकदम दचकली. पुन्हा वाकून बटण दाबत ऐकायला लागली, पुन्हा दचकली. असं किती वेळ चाललं. मला कळेना, टेपात दचकण्यासारखं काय होतं? तिच्या मानेवर घाम आला होता. शेवटी तिनं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तूच हायेस."

मी लावलं. सरांचा प्रश्न आला. मग काही नाही. नुसतं कोरं. विहिरीत वाकून पाहिल्यासारखं कोरं. आणि मग कानाचे पडदे फाटतील असा माझा आवाज. "बोटं फाटतात." पुन्हा प्रश्न, पुन्हा कोरं, आणि पुन्हा मी. ती त्या कोऱ्या जागेत आवाज वाढवत होती, माय सापडते का बघत होती, आणि दर वेळी मी तिच्या कानात ओरडत होते.

मॅडमना विचारलं. त्यांना वाटलं आम्ही वाखाणायला आलो. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि उत्साहानं सांगायला लागल्या. आधी फार वाईट अवस्था होती म्हणाल्या, कोंबड्या ओरडत होत्या, भांडी वाजत होती, एक लहान मूल रडत होतं, आणि मागं कोणीतरी सारखं कुजबुजत होतं. नव्या यंत्रणेनं ते सगळं काढलं, फक्त बोलणारी बाई ठेवली.

मी म्हटलं, "ते कुजबुजणं बी काढलं?"

"हो ना काकू. तेच तर सगळ्यात त्रासदायक होतं."

मीच सांगितलं, कोण कुजबुजत होतं, काहून कुजबुजत होतं. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, अरेरे. मनापासून म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण नोंदीत तसं काही नव्हतं, आम्हाला कसं कळणार. तेही खरं. सरांनी तेव्हा लिहून ठेवलं नसेल. त्यांना तो घरचा रिवाज वाटला असेल, लिहिण्यासारखं काय त्यात. मुलीनं विचारलं, आधीचं असेल ना कुठं. मॅडमनी दोन ठिकाणी फोन केले. आधीचं ठेवत नाहीत, जागा खातं, साफ केलं की साफ केलेलं त्याच्याच जागी बसतं. आणि टेप? टेप संगणकावर चढवून झाल्यावर भंगारात गेले, बुरशी आली होती. सरांनाही त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. सर आता म्हातारे झालेत. त्यांना आमचं गाव आठवलं, मालक आठवले, खाटेवरून उठत नव्हते ते. म्हणाले, छान झालं होतं ते मुद्रण. त्यांच्याजवळ काही नव्हतं.

निघताना मॅडमना वाटलं काहीतरी बरं सांगावं. म्हणाल्या, पुढच्या सुधारणेत मधल्या रिकाम्या जागाही कापल्या जातील, ऐकणाऱ्याचा वेळ वाचतो. मुलगी दारातून मागं आली. "त्या नका ना कापू." मॅडम म्हणाल्या, बघते मी, पण ते आपोआप होतं गं, आमच्या हातात नसतं.

त्या बाईला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या द्यायला कोणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. खिडकीतला माणूस नियमानं वागला, ग्रंथपाल सर नियमानं वागले, मॅडमनी तर जीव लावून काम केलं होतं. बी.ए.च्या पोरीला पहिल्याच दिवशी पाच मिनिटं कानाला लावू दिलं असतं तर तिनं तिच्या मायला ऐकलं असतं. तेवढंच.

एसटीत ती खिडकीशी बसली. तिकीट काढून झाल्यावर तिनं विचारलं, "तू तेव्हा जसंच्या तसं सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, जसंच्या तसं. ती जे बोलली तेच मी बोलले, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

"झोपून राहावं वाटते म्हणे, हे बी?"

"हे बी."

ती बाहेर बघत म्हणाली, "कोणाले माहीत. आता तर तूच सांगशील तेच खरं."

मी तिला वाढवलं, तिचे ताप काढले, तिच्या पहिल्या पाळीचं, पहिल्या नापास झाल्याचं सगळं माझ्या पदरात झालं. पण त्या एसटीत मी तिच्यासाठी अशी बाई झाले जिनं तिच्या मायच्या तोंडावर हात ठेवला. मी ठेवला नव्हता. मी बोलले नसते तर टेपात काहीच गेलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तेही माझ्याच आवाजात गेलं असतं.

घरी आल्यावर तिनं मालकांना विचारलं. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर खाटेवर बसली. "मोठे बाबा, तुमी ऐकला होता का हो मायचा आवाज? एकदा तरी?" मालक सुपारी कातरत होते. त्यांनी विचार केला, खरंच केला, आणि म्हणाले, नाही बा. चार वर्षं होती घरात, पण कधी पडला नाही कानावर. चांगली वळणाची होती. हे त्यांनी तिचं कौतुक म्हणून सांगितलं. मुलगी उठली आणि तिनं अंगणातला सगळा केर काढला, सकाळीच काढलेला होता तरी.

त्यानंतर ती एम.ए.ला जायचीच बंद झाली. नर्सिंगची जागा केव्हाच गेली होती. यवतमाळला एका दुकानात लागली, तिथंच मुलींबरोबर खोली घेऊन राहते. फोन येतो, मालकांच्या मोबाइलवर येतो, मालकांशीच बोलते. मी घेतला की म्हणते, आवाज तुटून राह्यला, नंतर करते.

मी बडबडी बाई आहे हे गाव जाणतं. पण त्या दिवसापासून एक असं झालं आहे की ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, मालकांनाही नाही. धाकटीचा आवाज मला आठवायचा. इतकी वर्षं आठवायचा, चुलीपुढं बसले की बाजूला ऐकू यायचा. त्या यंत्रातून ते ऐकलं आणि तेव्हापासून तो येत नाही. आठवायला बसले की आधी कोरं येतं आणि मग माझंच बोलणं.

गेल्या दिवाळीला मुलगी आली. दोन दिवस नीट वागली, भांडी घासली, रांगोळी काढली. करंज्या तळताना माझ्या बाजूला बसली होती, मालक बाहेर गेलेले. एकाएकी म्हणाली, "मोठीमाय, एकदा बोलून दाखव ना. तिच्यासारखं."

किती महिन्यांनी ती माझ्याकडे तोंड करून बोलली होती. मला वाटलं, हे जमलं तर सगळं जमेल. धाकटी मला रोज जे म्हणायची तेच म्हणावं असं ठरवलं. मी हळू, घशातल्या घशात म्हटलं, "बाई, मीठ पाहून घ्या."

ती डोळे मिटून ऐकत होती. मी पुन्हा म्हटलं, आणखी बारीक. पुन्हा म्हटलं. तो माझाच आवाज होता, नुसता दाबून धरलेला.

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "राहू दे." झारा माझ्या हातातून घेतला आणि कढईतल्या जास्त लाल झालेल्या करंज्या एक एक करून बाजूला काढायला लागली.